चाचांनी बसून पाहिलेला सिनेमा

आमच्या घरात दोन पेन ड्राइव्ह आहेत. दोन्ही काळे, दोन्ही एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेले, आणि दोन्हींवर माझ्याच अक्षरात एकच चिठ्ठी चिकटवलेली आहे : 'महत्त्वाचे'. एकात मी पाच महिने खपून एका हंगेरियन चित्रपटासाठी तयार केलेली मराठी अक्षरं होती, म्हणजे पडद्याच्या तळाशी उमटतात ती. दुसऱ्यात मेहुणीच्या वास्तुशांतीचं, मीच केलेलं चित्रण. नाशिकहून कोल्हापूरला निघताना त्यातला एक मी खिशात टाकला. बायको दारात उभी होती. "बघून घेतलात ना?" म्हणाली. मी म्हणालो, "त्यावर लिहिलंय." कोणता घेतला ते वाचकांना आत्ताच सांगून टाकतो, कारण मला ते शनिवारी संध्याकाळी, सव्वाशे-दीडशे माणसांच्या देखत कळलं. वास्तुशांतीचा.

मी विमा कचेरीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात चित्रपटांवर मतं देतो. मतं मी देशवार ठेवली आहेत. जपानी चित्रपटात माणसं जमिनीवर बसून चहा पितात, फारसं काही घडत नाही, आणि तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना आपल्याला एकदम रडू येतं. फ्रेंच चित्रपटात बोलतात फार, आणि आपल्याला कंटाळा आला हे कबूल करायची सोय नसते. इराणी दिग्दर्शकाला एक हरवलेली वस्तू आणि एक लांबलचक गल्ली पुरते. स्वीडनचे चित्रपट हिवाळ्यात बघू नयेत, आणि कोरियन सूडपट ताटावर बसून तर नाहीच. ही मतं ऐकायला घरात एकच माणूस आहे, नीला, म्हणजे माझी बायको. चित्रपट लावण्याआधी मी तिला देश, साल आणि त्या वेळची तिथली राजकीय परिस्थिती सांगतो. मधे तिनं काही विचारलं की बोट ओठांवर ठेवतो. बहुतेक वेळा विसाव्या मिनिटाला ती मेथी निवडायला घेते.

कोल्हापूरचं निमंत्रण आलं ते रंगरावांकडून. रंगराव कागलच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत आणि शहरातल्या एका पेठेतल्या तालमीच्या हॉलमध्ये दर शनिवारी जगभरचे चित्रपट दाखवतात. माझ्या अक्षरांबद्दल त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. फोनवर ते म्हणाले, "पावणं, हॉल आमचा, पिक्चर आमच्याकडं हाय, जेवण आमचं. तुम्ही निस्ती अक्षरं घेऊन या."

मी विचारलं, "आजवर अक्षरांशिवाय कसं दाखवत होता?"

"दस्तगीरचाचा सांगतात की."

हे प्रकरण मला कोल्हापुरात पोचेपर्यंत नीट समजलं नाही.

रात्रभराच्या बसनं शुक्रवारी सकाळी उतरलो. कडेला उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या, आणि हवेत गुळाचा, थोडा करपलेला वास होता. शाहूपुरीत एका लॉजवर माझी सोय केली होती. खोलीचा दरवाजा लागत नव्हता. व्यवस्थापकाला सांगितलं तर तो म्हणाला, "न्हाय लागत. खुर्ची लावा. कोन येतंय?" मी खुर्ची लावली. कुणी आलं नाही, फक्त रंगराव आले, आणि त्यांनी खुर्चीसकट दरवाजा ढकलला.

त्यांनी मला मिसळ खायला नेलं. बाकावर त्यांचे आणखी दोन मित्र होते, एक ऊसतोडीचा हिशेब सोडून आलेला शेतकरी आणि एक दूध संघातला. मी कोल्हापूरकरांना जागतिक चित्रपटाची ओळख करून द्यावी अशा तयारीनं बसलो होतो. पहिला घास घेतला आणि बोलण्याचा अधिकार काही मिनिटांपुरता गेला. तेवढ्यात त्यांनीच सुरुवात केली.

"घोडेवाल्यांचे अमेरिकन पिक्चर मला पटत न्हाईत," शेतकरी म्हणाला. "घोड्यावरनं येतो, पानी पितो, चार मानसं मारतो, जातो. रानात काय लावलंय त्येनं? कोन बघतंय त्येचं?"

"भुताचा मात्र जपानीच," दूध संघवाले म्हणाले. "आपली भुतं लई आरडाओरडा करत्यात. त्यांची कशी, गप येऊन कोपऱ्यात हुभी ऱ्हात्यात. कामावर आल्यागत."

"आनि तो स्वीडनचा," रंगराव म्हणाले. "मानूस दोन तास देवाला हाका मारतोय. देव फोन उचलंना. आमच्या तालमीत एकजन म्हनला, रेंज न्हाई तिथं."

मी डोळे पुसत (तर्रीमुळे) विचारलं, की चांगला चित्रपट ते कशावरून ठरवतात. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्तर बहुधा इतकं उघड होतं की ते कुणी द्यायचं हा प्रश्न असावा.

"जेवान दाखवत्यात का न्हाय त्येच्यावर," शेतकरी म्हणाला. "ज्या पिक्चरात मानसं जेवत न्हाईत त्यो पिक्चर खोटा."

मी मनातल्या मनात माझे आवडते दहा चित्रपट तपासले. सात बाद झाले.

दुपारी रंगराव मला दस्तगीरचाचांच्या घरी घेऊन गेले. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत रंगाचे डबे, मोठे ब्रश, आणि भिंतीला टेकवलेला एक जुना, पुरुषभर उंचीचा पत्रा. त्यावर फक्त एका बाईचे डोळे आणि कपाळ रंगवलेलं. चाचा मूळचे गडहिंग्लजचे. ऐन उमेदीत कोल्हापुरात आले आणि थिएटरांवरचे मोठे बोर्ड रंगवू लागले. बोर्डांचे दिवस गेले, तसे आता दुकानांच्या पाट्या रंगवतात.

"मग तुम्ही सिनेमे खूप बघितले असतील," मी म्हणालो.

"एक बी न्हाई," चाचा म्हणाले. "ह्या शुक्रवारचा पिक्चर आत लागला की मी भायेर पुढच्या शुक्रवारचा रंगवत हुभा. आत टाळ्या वाजल्या की कळायचं, आला हीरो."

"आणि आता तालमीत?"

"तालमीत तर मी सांगतो की. बघनार कवा?"

तेव्हा कुठे मला सगळं कळलं. रंगरावांच्या मंडळाकडे येणाऱ्या चित्रपटांना इंग्रजी अक्षरं असतात. बघायला येणाऱ्यांत निम्म्यांना ती वाचता येत नाहीत, आणि येतात त्यांना तेवढ्या वेगात नाही. म्हणून कॉलेजातल्या एक बाई आठवडाभर आधी चित्रपट पाहून चाचांना गोष्ट आणि बोलणी समजावून देतात. चाचा दोन दिवस घोकतात आणि शनिवारी पडद्याच्या बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून, माइक घेऊन उभे राहतात. मानेच्या एका झटक्यात पडद्यावर कोण आलं ते बघायचं आणि उरलेला वेळ माणसांकडे बघून सांगायचं. गेली अकरा वर्षं. अकरा वर्षांत जगातले एवढे देश त्यांच्या डाव्या खांद्यामागून निघून गेले होते.

"म्हनून ह्या येळंला तुम्हाला बलिवलं," रंगराव म्हणाले. "सोमवारी चाचांच्या डोळ्याचं आपरेशन हाय, बेळगावला, लेकीकडं. रविवारी दुपारच्या गाडीनं निघायचं हाय. मागनं दुसरा डोळा. म्हंजे पडदा बंदच म्हना. तर जायच्या आदी एक पिक्चर बसून बघायचा म्हनत्यात. चाचीसंगट. खुर्चीत."

आतून चाची चहा घेऊन आल्या. माझ्याकडे बघून रंगरावांना म्हणाल्या, "ह्यांनीच लिवलंय व्हय?" मी नम्रपणे हो म्हणालो. मग चित्रपटाची गोष्ट थोडक्यात सांगू लागलो, की मध्य युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर –

"सांगू नका," चाचा म्हणाले. "बघायचं हाय मला."

शनिवारी सकाळी मी एकटाच रंकाळ्याच्या कडेनं फिरलो. सवयीनं कठड्यावर बसून 'पाण्याचा चित्रपटातील उपयोग' या विषयावर थोडा विचार केला. शेजारी एक आजोबा येऊन बसले, माझ्याकडे बघून म्हणाले, "तब्येत बरी न्हाई काय?" मी विचार थांबवला. दुपारी कट्ट्यावर (इथे म्हशी रस्त्यावर उभ्या करून समोर दूध काढून देतात) फेसाळ दूध प्यालो. ग्लास फार मोठा होता. अर्धा परत देऊ लागलो तर दूधवाला म्हणाला, "म्हशीला काय सांगू आता?" मी संपवलं.

संध्याकाळी सहाला तालमीचा हॉल भरला. खालच्या अंगाला लाल मातीचा हौदा, वर हा हॉल. भिंतीवर जुन्या पैलवानांच्या तसबिरी, त्यांच्यामध्ये ताणलेला पांढरा पडदा. बायका एका बाजूला, पण सक्ती नाही. सतरंजीवर माणसं, मागे बाकं, आणि दुसऱ्या ओळीत मुद्दाम ठेवलेल्या दोन खुर्च्या. चाचा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. चाचींनी नवी साडी नेसली होती. दोघं खुर्चीत बसले तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "चाचा, तिकीट काढलंय काय?" चाचांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते, फोटो काढताना ठेवतात तसे.

रंगरावांनी माझी ओळख करून दिली. ओळखीत 'थोर' हा शब्द दोनदा आला. मग मी पेन ड्राइव्ह त्यांच्याकडे दिला, त्यातली एकुलती एक फाइल त्यांनी लावली, दिवे गेले.

पडद्यावर एक दार आलं. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. चित्र जरा तिरकं होतं. मला वाटलं, काहीतरी ओळखीचं वाटतंय. मग चित्र खाली गेलं आणि फरशी दिसू लागली. त्या फरशीवरून एक जोडी चपला चालू लागली. चालत राहिली. मी त्या दिवशी कॅमेरा बंद करायला विसरलो होतो.

सगळे बघत राहिले. अकरा वर्षांत या लोकांनी फार काही सोसलं होतं, तेवढ्यानं ते हलणारे नव्हते.

"हंगेरीत बी तोरन लावत्यात काय?" कुणीतरी हळूच विचारलं.

"फरशी चांगली हाय," दुसरा म्हणाला. "कोटा न्हवं."

"क्यामेरावाला वारला काय?"

"गप की. असतंय तसं. कलात्मक हाय."

दोनेक मिनिटं माझ्या चपला जिने चढल्या, उतरल्या, आणि मग त्या सव्वाशे-दीडशे माणसांना माझ्या बायकोचा आवाज स्वच्छ मराठीत ऐकू आला : "अहो, चालू आहे ते अजून. बंद करा."

हॉल एवढा हसला की खालच्या हौद्यातून दोन पैलवान काय झालं बघायला वर आले.

पुढचं जरा कमी विनोदी आहे. चित्रपट मंडळाकडे होता, पण मी अक्षरं आणणार म्हणून त्यांनी या वेळी चित्रं आणि आवाज एवढंच मागवलं होतं. कॉलेजातल्या बाई त्याच कारणानं सुट्टीवर गावी गेल्या होत्या. चाचांना गोष्ट माहीत नव्हती. त्यांनीच सांगू नका म्हणून सांगितलं होतं.

"पावणं," रंगराव म्हणाले, "तुम्हाला तर पाठ असंल की. तुम्हीच सांगा."

हा मार्ग खरोखरच चांगला होता. चित्रपट मी वीसेक वेळा पाहिला होता, प्रत्येक वाक्य मला येत होतं. चाचा खुर्चीतच राहिले असते. मी माइक घेऊन पडद्याशेजारी उभा राहिलो.

चित्रपट सुरू झाला. एक बाई चुलीपाशी उभी, बाहेर बर्फ. मी सुरुवात केली. हा देश कुठे आहे ते सांगितलं. त्या काळात तिथं कुणाचं राज्य होतं ते सांगितलं. कृष्णधवल छायाचित्रणातला करडा रंग का महत्त्वाचा आहे ते सांगत होतो, तेवढ्यात ती बाई बोलली.

"काय म्हनली?" हॉलमधून आवाज आला.

मी म्हणालो, "सांगतो. त्याआधी ही चौकट बघा, उजवीकडचा भाग रिकामा ठेवलाय –"

"पावणं, ती बोलून गप बी बसली."

मी घाईघाईनं वाक्य सांगितलं. तोवर ती तिसरं बोलत होती. मी दुसरं सोडून तिसरं पकडलं, तर पडद्यावर पोस्टमन आला होता, आणि ते वाक्य त्याच्या तोंडी जाऊन बसलं. लोकांना वाटलं, पोस्टमनच लोणच्याच्या बरण्या आवरतोय. मी दुरुस्ती करू लागलो. दुरुस्तीत युद्धोत्तर परिस्थिती परत आली. दहा मिनिटं झाली होती आणि दुसरी नायिका अजून पडद्यावर यायची होती.

"चाचा," मागून कुणीतरी म्हणालं. रागावून नाही, भूक लागल्यावर म्हणतात तसं. "चाचा, उठा की वो."

चाचा थोडा वेळ बसून राहिले. मग उठले. सदरा खाली ओढला, पुढे आले आणि माझ्या हातातून माइक घेतला. मी परत जाऊन बसायला जागा शोधू लागलो, तर चाचींनी शेजारच्या खुर्चीवर हात थोपटला. चाचांच्याच खुर्चीत मी बसलो. ती अजून गरम होती.

"आज बसनार म्हनालते," चाची पडद्याकडे बघत म्हणाल्या. बोलण्यासारखं काही माझ्या मतांत नव्हतं.

चाचांनी मग काय केलं ते मी लिहून ठेवलं आहे. त्यांना भाषा येत नव्हती, गोष्ट माहीत नव्हती. एकदा मागे वळून त्यांनी पडदा नीट बघितला. घराच्या मधोमध नवी विटांची भिंत, अलीकडे एक बाई, पलीकडे दुसरी. परत वळले आणि म्हणाले, "वाटनी झालीया. ही थोरली जाऊ. ती पल्याडची, धाकटी. दोघींचं बोलनं बंद हाय."

हॉलनं एकदम "हां" केलं.

आता त्या जावा नाहीत. त्या सख्ख्या बहिणी आहेत. सगळा चित्रपट त्यावर उभा आहे. मी अर्धा उठलोही. पण तेवढ्यात सगळीकडून खुसफूस सुरू झाली होती. प्रत्येकाला अशी एक भिंत माहीत होती, त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या बायका माहीत होत्या, आणि विटा कुणी आणल्या तेही. मी परत बसलो. पुढचा दीड तास हंगेरीतल्या दोन जावा कोल्हापुरी बोलत होत्या. शेवटी थोरली भिंतीला वळसा घालून पलीकडच्या दारात येते, धाकटी चुलीपाशी असते, दोघी बराच वेळ एकमेकींकडे बघतात आणि धाकटी एकच वाक्य बोलते. त्या वाक्यावर मी तीन आठवडे घालवले होते. माझ्या अक्षरांत ते असं आहे : 'या घराचे दार तुझ्यासाठी सदैव उघडेच होते.' चाचांनी खांद्यावरून मागे बघितलं आणि ते म्हणाले :

"ये आत. दूध उतू चाललंय."

पडद्यावर खरंच चुलीवर भांडं होतं. वीस वेळा बघूनही माझं तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

जेवण तालमीच्या अंगणात. तांबडा, पांढरा रस्सा, भाकरी. मी ताट घ्यायला संकोच करत होतो. रंगरावांनी ताट हातात दिलं आणि त्यात वाढता वाढता म्हणाले, "पावणं, चाचाला बसवायचं म्हनून तुम्हाला बलिवलं. तुम्हीच हुभं केलं." मग आणखी एक पळी वाढली. "जेवा. चूक झाली म्हनून उपाशी ऱ्हायचं काय?" कोल्हापुरात माणसाला जमिनीवर आपटतात आणि मग लगेच उठवून अंगाची माती झाडतात, ही तालमीची रीत असावी.

मी कोपऱ्यात जाऊन नीलाला फोन लावला.

"कपाटावर दुसरा पेन ड्राइव्ह आहे का? त्यावर काय लिहिलंय?"

"महत्त्वाचे."

"तोच."

"आणि तुमच्याकडे कोणता आहे?"

मी सांगितलं. मग ती म्हणाली, "किती जणांनी बघितलं?" मी आकडा पन्नासवर आणला. पेन ड्राइव्ह संगणकाला कसा लावायचा, त्यातली फाइल कशी ओळखायची, मग मेल कसा उघडायचा, हे मी पायरीपायरीनं समजावू लागलो. तिसऱ्या पायरीला ती म्हणाली, "पाठवली." भाकरी संपायच्या आत फाइल रंगरावांच्या फोनवर आली होती.

माझं परतीचं तिकीट रविवारी सकाळचं होतं. ते मी संध्याकाळवर ढकललं.

रविवारी सकाळी नऊला पुन्हा हॉल उघडला. चाचांची बेळगावची गाडी दोनची होती. मला वाटलं होतं फक्त आम्ही चौघं असू, पण चाळीसेक माणसं आली. चाचा आज बसणार हे बघायला आलो, असं शेतकऱ्यानं सांगून टाकलं. चाचांनी कालचाच सदरा पुन्हा इस्त्री केला होता. पिशव्या दाराशी, खुर्च्या त्याच. मी त्यांच्या मागे एक खुर्ची ओढून बसलो. या वेळी फाइल रंगराव, शेतकरी आणि दूध संघवाले अशा तिघांनी उघडून बघितली होती.

चित्रपट सुरू झाला. खाली माझी अक्षरं उमटली, ठळक, शुद्ध. चाचा हात मांडीवर ठेवून बघत होते. कालची दहा मिनिटं सोडली तर अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा पडद्याकडे होता. पाच मिनिटं गेली, सात गेली. आणि मग चाची त्यांच्याकडे झुकल्या.

"क्या बोली?"

चाचींना वाचता येत नव्हतं. हे माझ्या, रंगरावांच्या, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. चाचांच्या आलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नव्हतं.

"चावी दे बोली," चाचा कुजबुजले. घरची बोली. तालमीत सव्वाशे-दीडशे माणसांना ते कोल्हापुरीत सांगायचे, इथे एकटीसाठी दखनीत.

थोड्या वेळानं पुन्हा, "अब क्या बोली?"

"भैन है बोलते ये दोनो."

"भैन? कल तो जावा थे."

"आज भैन हैं. लिखेला है."

"फिर दीवार कायकू?"

"देख तो सई."

मागे आणखी काही कुरकुर ऐकू आली. भिंत बहिणींत कशी येईल, असं शेतकऱ्याचं म्हणणं होतं. बहिणी तर लग्न होऊन आपापल्या घरी जातात. "हंगेरीत घरजावई असत्यात काय दोघींना बी?" रंगरावांनी त्याला गप केलं. चाचा मात्र शेवटपर्यंत कुजबुजत राहिले. समोर माझी अक्षरं, कानावर त्यांची कुजबुज, आणि मी दोन्हींच्या मधे बसून एकच चित्रपट दोनदा बघत होतो. अक्षरं कधी पुढे असायची, कधी कुजबुज. सांगायला खेद होतो, पण बहुतेक वेळा कुजबुज.

शेवटचा प्रसंग आला. दार, दोघी, ती शांतता. धाकटीनं वाक्य म्हटलं. खाली 'या घराचे दार तुझ्यासाठी सदैव उघडेच होते' असं आलं.

"क्या बोली?"

चाचांनी ते वाचलं. ओठ हललेले मला मागून, कडेनं दिसले. मग चाचींकडे झुकून म्हणाले, "आ बोली अंदर. दूध उतू जारा."

चाचींनी मान हलवली.

दिवे लागल्यावर मी चाचांपाशी गेलो. अक्षरं वाचता आली का, असं विचारलं. ते म्हणाले, "मोठी हायती. चांगली हायती. पाटी रंगवल्यागत." पडद्याकडे बघत पुढे म्हणाले, "पर काल जावा हुत्या तवा जरा जास्त पटत हुतं."

"बसून बघायचा होता तो बघितला ना पण?"

"बसून तर बघितला की." त्यांनी पिशवी उचलली, चाचींकडे एकदा बघितलं. "गप न्हाई बसलो, ती गोष्ट येगळी."

दोनच्या गाडीला आम्ही त्यांना स्टँडवर सोडलं. रंगरावांनी खिडकीतून आत हात घालून सांगितलं, "डोळा झाला की या. कोरियाचा आनून ठेवलाय. जेवान लई हाय त्येच्यात." चाचा म्हणाले, "बाईंला सांगा, नीट लिवून ठेवा." म्हणजे ते पुन्हा उभे राहणार होते. चाचींनी हे ऐकलं आणि मांडीवरची पिशवी नीट केली. गाडी बेळगावच्या रस्त्याला लागली.

माझी बस संध्याकाळची. रंगरावांनी गुळाची एक ढेप माझ्या हातात ठेवली. पिशवीत ती बसेना, म्हणून मी ती नाशिकपर्यंत मांडीवर घेऊन आलो. वाटेत वही काढून हंगेरीच्या पानावर काही लिहावं म्हणून बसलो. त्या पानावर करड्या रंगाबद्दल दोन परिच्छेद होते. त्यांच्याखाली मी लिहिलं : 'दूध.' आणि वही मिटली.

सोमवारी घरी पोचलो. पेन ड्राइव्ह नीलाच्या हातात दिला. तिनं त्यावरची चिठ्ठी खरडून काढली, 'वास्तुशांती' अशी दुसरी लावली आणि चहा टाकला. कचेरीत रजा कळवून मी तिला सगळं सांगितलं, चपलांपासून बेळगावच्या गाडीपर्यंत. फाइल पाठवल्यावर तिनं सगळी अक्षरं वाचून काढली होती, असं मधेच कळलं. 'सदैव' हा शब्द तिला घरात कुणी बोललेलं आठवत नव्हतं. मी चाचींच्या "क्या बोली?"पाशी आलो तेव्हा तिनं गॅस बारीक केला आणि पुढचं सगळं उभ्यानं ऐकलं. माझं सांगून झाल्यावर तिनं चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला.

"बावीस वर्षं तुमच्याशेजारी बसते," ती म्हणाली. "कुठल्या देशाचा आहे ते दर वेळी सांगता. काय म्हणाली ते एकदाही नाही."